‘येते’ म्हणून निघाले

एकटी बाई पायी का हिंडते, या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन मी कंटाळले आहे. नवस केलाय का? नाही. नवऱ्यानं टाकलंय का? नवरा केलाच नाही, टाकतोय कोण? बसभाड्याची पंचाईत आहे का? अहो, सरकारी शाळेत शिकवते, पगार वेळेवर होतो. मग? मग काही नाही. मला चालायला आवडतं, आणि बरोबर बडबड करणारं कुणी नसलं की जास्त आवडतं. एवढं साधं उत्तर लोकांना पटत नाही.

आमच्या मॉरिशसमध्ये लांब चालत जाणं लोकांना कळतं ते फक्त महाशिवरात्रीला. तेव्हा निम्मं बेट पांढरे कपडे घालून, कावडी खांद्यावर घेऊन ग्राँ बासँच्या तळ्याकडे निघतं. रस्त्यात जागोजागी सरबत, खाणं, पायाला चोळायला तेल. तो आठवडा सरला की रस्त्यानं चालणारा माणूस एकतर गरीब, नाहीतर खुळा. मी दोन्हींत बसत नव्हते, हीच माझी अडचण होती.

सुरुवात झाली ती सत्तरच्या दशकात, बस बंद होत्या म्हणून. माझी पहिली नेमणूक गुडलँड्सला झाली होती, शाळेत मराठी शिकवायला. घर कांप दे मास्कला. वडील ऊस आणि भाजी पिकवायचे. आठवडाभर गुडलँड्सला ओळखीच्यांकडे राहायचं आणि शनिवारी बसनं घरी, असा शिरस्ता. एका शनिवारी संप झाला आणि बसच येईना. थांब्यावर उभं राहून राहून माझं डोकं फिरलं. पदर खोचला आणि निघाले. दोन्ही बाजूंना ऊस, मधे रस्ता, आणि रस्त्यावर मी. संध्याकाळी ब्रीझे वेर्दिएरला आत्याच्या दारात उभी राहिले तेव्हा ती घाबरलीच, म्हणाली, “कोण गेलं गं?” तिला वाटलं, मी कुणाच्या मरणाची बातमी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी उरलेलं अंतर चालून घरी पोचले. टाचांना फोड आले होते आणि मी इतकी खूश होते की आईनं आधी माझे पाय बघितले, मग तोंड बघितलं आणि वडिलांना म्हणाली, “झालं. हिला वेड लागलं.”

वेड म्हणा, पण ते मी नीट शिकून घेतलं. नवे बूट घालून लांबच्या वाटेला लागू नये. मी लागले होते, म्हणून सांगते. कॅनव्हासचे बूट एक नंबर मोठे घ्यावेत, आत लोकरी मोजे, आणि घरात, बाजारात, शाळेत घालून ते आधी मऊ करावेत. ऊस डोक्यापेक्षा उंच झाला की आत दिशा कळत नाही, तेव्हा शिरण्याआधी एखाद्या डोंगराचं टोक हेरून ठेवावं आणि ते कुठल्या खांद्याकडे आहे ते बघत चालावं. कुत्रं अंगावर आलं तर पळू नये, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करावं. मॉरिशसच्या कुत्र्यांना ही खूण जन्मतःच कळते. झुडपं काठीनं झोडपू नयेत, कारण आत पिवळ्या गांधिलमाशा असतात आणि त्या कुणाचं ऐकून घेत नाहीत. माकडांसमोर पिशवी उघडू नये. दुपार झाली आणि निम्मी वाट झाली नसेल, तर मुकाट्यानं परत फिरावं. डोंगर कुठं पळून जात नाही. आणि गळ्यात शिट्टी असावी. माझी शाळेच्या कवायतीची होती.

हे सगळं सुरक्षेचं झालं. पण लोक मजेबद्दल विचारतच नाहीत, म्हणून मीच सांगते. मजा अशी की पहिला तासभर डोक्यात शाळा असते, हेडमास्तर असतो, कुणीतरी टाकलेला टोमणा असतो. त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं ते सुचत राहतं. मग कधीतरी ते सगळं आपोआप गळून जातं आणि फक्त पाय उरतात. त्यानंतर सावलीत बसून पावाला मिरचीची चटणी लावून खावी. तशी चव मला लग्नाच्या पंगतीत कधी लागली नाही.

आईनं हे सगळं चालू दिलं, पण दोन अटींवर. पहिली, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं आणि तिथून आमच्या कोपऱ्यावरच्या चिनी दुकानात फोन करायचा. गावात तेवढाच फोन होता. दुकानदार आईला निरोप पोचवायचा आणि बदल्यात वांगी घेऊन जायचा. “एकदा जरी कळलं नाही ना कुठं उलथलीस ते,” आई म्हणाली, “तर ते बूट चुलीत घालीन. मग बस घरात.” आई नुसतं बोलणाऱ्यांतली नव्हती. माझ्या भावाचा पतंग तिनं खरोखरच चुलीत घातला होता. तेव्हा एक चूक, आणि माझं चालणं संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसरी अट म्हणजे निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. ही काही फक्त आमच्या घरची रीत नव्हे, सगळ्याच मराठी घरांतली. जाणारं माणूस परत यावं म्हणून जाताना ‘येते’ म्हणतात. लहानपणी एकदा मी घाईत ‘जाते गं’ म्हणून पळाले, तर आईनं फाटकापासून परत बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी प्यायला लावलं आणि नव्यानं निघायला लावलं. शाळेला उशीर झाला तो झालाच. तेव्हापासून ‘येते’ तोंडातून आपोआप निघतं, जशी शिंक निघते.

गंमत अशी की हेच शब्द मी शाळेत फळ्यावर लिहून शिकवायची. आमची मुलं घरी क्रेओल बोलतात. मराठी त्यांना कळते, बोलायला जीभ वळत नाही. म्हणून दोन रकाने आखायचे, एकीकडे मराठी, एकीकडे क्रेओल. येणे म्हणजे ‘विनी’. जाणे म्हणजे ‘आले’. इथे वर्गात दरवर्षी हशा पिकायचा, कारण क्रेओलमध्ये ‘आले’ म्हणजे ‘जा’ आणि मराठीत ‘आले’ म्हणजे पोचले की! “मिस, नक्की काय? आलात की गेलात?” पोरं विचारायची. मी डस्टर आपटून म्हणायची, “मराठीच्या तासाला आलेच!” पण निघताना ‘येते’ म्हणतात, हे मात्र मी फळ्यावर कधी लिहिलं नाही. ते काय शिकवायचं, असं वाटायचं.

अशी पंधराएक वर्षं गेली आणि एका एप्रिलची सुट्टी लागली. वादळांचे दिवस सरत आलेले, हरणांची शिकार अजून सुरू व्हायची होती, आणि जंगलात लाल चिनी पेरू पिकलेले. जंगल ओलांडायला याहून चांगला महिना नाही. वाकवाच्या वरच्या अंगानं माकाबेच्या रानात शिरायचं, दरीत उतरायचं आणि संध्याकाळपर्यंत समुद्राकाठी रिव्हिएर न्वारला मावशीकडे पोचायचं, असा बेत केला. मावशीकडे फोन नव्हता, आसपासही नव्हता. आईला म्हटलं, “यावेळी फोनची वाट बघू नकोस. मावशीकडेच आहे असं समज. सुट्टीभर राहून येईन.” आईनं कपाळाला आठ्या घातल्या, पण बहिणीचं घर म्हटल्यावर हो म्हणाली.

आणि मावशीला? मावशीला मी कळवलंच नव्हतं. अचानक जाऊन चकित करायचं होतं ना! म्हणजे आईच्या लेखी मी मावशीकडे, आणि मावशीच्या लेखी मी आईकडे. मधल्या रानात मी आहे, हे या बेटावर कुणालाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी तासभर बोलले असते.

वाकवाला एका सहकारी शिक्षिकेकडे रात्र काढली. तिलाही म्हटलं होतं, पुढं मावशीकडे जाणार आहे. बसनं की पायी, ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. उजाडताच निघाले. रान सुरू होतं तिथं एक शेवटचं घर होतं, पत्र्याचं, पुढं तुळस. बाटली भरून घ्यावी म्हणून हाक मारली. एक म्हातारी बाहेर आली, माझ्या तोंडाकडे बघून सरळ मराठीतच म्हणाली, “कुणाची गं तू पोरी?” मग काय, सुटका नाही. माझं गाव, आडनाव, आजोळ सगळं काढून झालं. तिच्या चुलत सासऱ्याच्या घरातली कुणीतरी आमच्याकडे दिलेली निघाली. व्हॅनिला घातलेला चहा आला. चहा आणला तो सुनेनं. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते तिचे. पोर्ट लुईची पोर, वडील सरकारी कचेरीत, माहेरी सगळं बोलणं क्रेओलमध्ये. सासू मराठीत सांगायची, ती क्रेओलमध्ये उत्तर द्यायची. दाराला टेकून ती माझ्या बुटांकडे टक लावून बघत होती.

“एकटी जातेस? रानात?” म्हातारी म्हणाली.

“पायाखालची वाट आहे, आजी,” मी म्हटलं. खरं तर मी त्या वाटेनं पहिल्यांदाच जात होते. मग कप खाली ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि नेहमीसारखं म्हटलं, “येते हं.”

“ये,” म्हातारी म्हणाली.

रान मोठं देखणं होतं. वाट लाल मातीची, वनखात्याच्या माणसांनी तुडवलेली. खालच्या दरीवर लांब शेपटीचे पांढरे पक्षी तरंगत होते. मी चांगले दोन-अडीच तास चालले असेन. उतरण सुरू झाली आणि वाटेच्या कडेला पेरूंचं जाळं लागलं. अगदी पिकलेले, बोराएवढे, लालबुंद. जवळचे कुणीतरी काढून नेले होते. चांगले होते ते पलीकडे. वाट सोडू नये, हा माझाच नियम. पण पेरू बघून नियम कुठला आठवायला! एका दगडावर पाय ठेवून हात लांब केला. दगडावर शेवाळ होतं. दगड तिथंच राहिला आणि मी खाली गेले.

फार खोल पडले नाही, पण उजवा पाय घोट्यात असा मुरगळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. उठायला गेले, किंचाळून खाली बसले. बघता बघता घोटा सुजला, बूट काढता येईना. वाट डोक्याच्या वर, हाताच्या अंतरावर दिसत होती, आणि मला तिथवर जाता येत नव्हतं. सरपटून बघितलं, माती निसटायची. शेवटी पेरूच्या मुळाला धरून बसून राहिले.

आधी मला स्वतःचा संताप आला. मूर्ख कुठली, दुसऱ्यांना शहाणपण शिकवतेस! शिट्टी फुंकली, थांबले, ऐकलं, परत फुंकली. माकडं ओरडली, माणूस नाही. रविवार होता, वनखात्याचं कुणी फिरकणार नव्हतं. मग मनाशी उजळणी केली की मला कोण शोधेल, आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. आई शोधणार नाही, ती निर्धास्त आहे. मावशी शोधणार नाही, तिला पत्ताच नाही. शाळा उघडेपर्यंत माझी आठवण काढायचं कुणाला कारण नाही. त्यानंतर मात्र मी खरी घाबरले. दुपारनंतर वरून धुकं उतरलं, झिमझिम सुरू झाली, साडी अंगाला चिकटली. मी मोठ्यानं रडले, आईला हाका मारल्या. चाळिशीकडे झुकलेली बाई, पण आईच आठवली. बूट चुलीत घाल गं बाई, म्हटलं, पण मला इथनं ने.

ओठ बधिर झाले तरी मी शिट्टी सोडली नाही. उजेड कमी होत चालला होता, तेव्हा वरून आवाज आला. “मिस! ए मिस!” मला वाटलं, भास झाला. मग कंदिलाचा उजेड हलताना दिसला. म्हातारीचा मुलगा होता आणि त्याच्याबरोबर शेजारचे दोघं, एकाच्या खांद्यावर दोर. त्यांनी मला कशी वर ओढली ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्या परक्या माणसाच्या शर्टाची बाही घट्ट धरली होती आणि तो “बास, मिस, बास, झालं” म्हणत होता.

पाठीवर घालून त्यांनी मला घरी आणलं. चुलीपाशी बसवलं. म्हातारीनं बूट कापून काढला, हळदीचा लेप लावला. घशाखाली गरम चहा गेल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, “तुम्हाला कळलं कसं?”

म्हातारीनं सुनेकडे बोट दाखवलं. “हिनं! दुपारी तुझं पान वाढून बसली. मी म्हटलं, अगं, ती पोर गेली. नाही म्हणाली. जेवलीसुद्धा नाही. दिवस कलला तसं रडायला लागली. नवरा रविवारचंही काम करून नुकता आलेला, त्याला धड बसू दिलं नाही.”

सून मान खाली घालून उभी होती. तिनं एकदम वर बघितलं आणि क्रेओलमध्ये ठणकावून सांगितलं, “ली ती दिर ‘येते’! आलोर ली पू विनी!” ती ‘येते’ म्हणाली होती, म्हणजे ती येणारच.

म्हातारी खो खो हसली. “ऐकलंस? दिवसभर हेच. अगं वेडे, ते आपलं म्हणायचं असतं! येते म्हणजे जाते!”

सुनेचा चेहरा पडला. सगळ्यांसमोर चुकल्यासारखी ती पदर पिळायला लागली. मग माझ्याकडे वळून, जुळवून जुळवून, मराठीत म्हणाली, “यायचं नाही... तर ‘येते’ का बोलते?”

मी मराठीची मास्तरीण. इतकी वर्षं फळ्यावर ‘येणे म्हणजे विनी’ लिहिणारी. मी तिचा हात धरला आणि परत रडले, या वेळी बरं वाटून. मग तिनं झाकून ठेवलेलं दुपारचं ताट आणलं. भात, मसुरीची आमटी, पालेभाजी. सगळं गार झालं होतं. ती गरम करायला निघाली, पण मी तसंच जेवले.

आईला सांगावं लागलंच. पाय प्लास्टरमध्ये घालून गेल्यावर लपवणार काय? तिनं सगळं ऐकून घेतलं. माझा उरलेला एक बूट उचलून ती चुलीपाशी गेली. बराच वेळ हातात धरून उभी राहिली. मग तो फळीवर ठेवला आणि वडिलांना म्हणाली, “उद्या चांगली वांगी काढा. त्या पोरीला भेटायला जायचंय.” आम्ही बस बदलत बदलत गेलो. आईनं त्या सुनेची ओटी भरली, तिच्या तोंडावरून हात फिरवला. निघताना मला म्हणाली, “हिंडायचं तर हिंड. पण या घरावरून जायचं आणि या घरी यायचं. बाकी मला काही ठाऊक नाही.”

तेव्हापासून माझ्या सगळ्या वाटा त्या पत्र्याच्या घरापासून सुरू होतात आणि तिथंच संपतात. दरी ओलांडून समुद्राकडे जाणं राहून गेलं, त्याचं वाईट वाटत नाही. म्हातारी पुढं वारली. पत्रे जाऊन घराला स्लॅब आला. सून आता माझ्याशी फाडफाड मराठी बोलते, माझ्याच चुका काढते. पण अजून मी ‘येते’ म्हटलं की ती हातातलं काम थांबवून विचारते, “म्हणायचं, का खरं?”

“खरं,” मी म्हणते. मग ती तांदळात एक मूठ वाढवते.

परवा असाच पाऊस लागला आणि मला फार उशीर झाला. फाटकाशी पोचले तेव्हा आत दिवा लागला होता आणि खिडकीशी तिची सावली उभी होती. मी फाटकातूनच हाक दिली, “आले!”

सावली हलली नाही. आतून आवाज आला, जरा चिडलेला, जरा ओला. “मराठीत, का क्रेओलमध्ये?”

“मराठीत गं,” म्हटलं. मग तिनं दार उघडलं.